पुलाअलीकडचा फोटो

आमच्या घरात दोन आगगाड्या होत्या. एक दारासमोरून जायची आणि तिच्या जिवावर आमची चूल पेटायची. दुसरी आतल्या खोलीत, बाजेखाली, एका जुन्या दाराच्या फळीवर होती. ती माझ्या थोरल्या भावाने, दादाने, स्वतःच्या हातांनी बनवली होती. आमचं स्टेशन नगरच्या उत्तरेला, मनमाडकडे जाणाऱ्या एकेरी मार्गावर होतं. फलाट, मास्तरांची खोली, दोन टोकांना दोन केबिनी, रेल्वेची पाच-सहा क्वार्टर्स आणि एक कडुलिंब, बस्स. आमचे वडील, अप्पा, केबिनमन होते. सिग्नलचे आणि गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे जड लोखंडी दांडे ओढून ओढून त्यांचे तळहात इतके टणक झाले होते, की ते चुलीतला निखारा बोटांनी उचलून बाजूला ठेवत. गाडी यायच्या आधी आमच्या फडताळातली पितळी भांडी बारीक किणकिणायची. आई त्या किणकिणीवरूनच ओळखायची, मालगाडी की पॅसेंजर. इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा आम्ही पोरं वेचून आणायचो, शेगडीत तोच असायचा. त्यामुळे आमच्या घरच्या भाकरीला कायम धुराचा एक वास यायचा. तो मला आज या वयातही अचानक येतो, अगदी गॅसच्या शेगडीपुढे उभी असतानाही.

दादा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता. कॉलेजात एकदा नापास होऊन घरी आला होता आणि रेल्वेत भरतीची वाट बघत होता. वाट बघता बघता त्याने ती गाडी बनवायला घेतली. कापडाच्या गठ्ठ्यांना बांधलेल्या लोखंडी पट्ट्या सरळ करून त्याने रूळ केले. आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या चिरून खालचे आडवे ठोकळे केले. इंजिन वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं होतं आणि त्याच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती. किल्ली दिली की ते हात-दोन हात घुर्रघुर्र करत जायचं आणि दम लागल्यासारखं थांबायचं. पूल मोडक्या छत्रीच्या काड्यांचा, सिग्नल दोऱ्याने वरखाली होणारा. अप्पा एकदा ड्यूटीवरून येऊन, डोक्याचा रुमाल न सोडताच बाजेखाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, गाडीला वाट दिलीस आन् सांधा तसाच ठिवलास व्हय? घालशील की रुळाखाली." दादाने मान खाली घालून सांधा सरकवला. अप्पांनी त्याचं केलेलं कौतुक एवढंच, पण त्या दिवशी दादा जेवताना आपल्याशीच हसत होता.

दादाला सगळं मापात लागायचं. रिटायर होऊन गेलेल्या एका गार्डसाहेबांनी जाताना त्याला आपला जुना बॉक्स कॅमेरा दिला होता. दादा त्याने फक्त इंजिनांचे फोटो काढायचा. माणसांचे नाही, देवाचे नाही, आमचेसुद्धा नाहीत. आई म्हणायची, "येक बहिणीचा काढ की." तर तो म्हणायचा, "रीळ संपतं." इंजिनाचा फोटो त्याच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती. त्यावर तो पट्टी ठेवायचा, रेघा मारायचा, चाकाचा घेर आणि चिमणीची उंची काढायचा आणि मग पत्रा कापायचा.

या कामात त्याचा जोडीदार होता नामदेव. आम्ही त्याला नामाभाऊ म्हणायचो. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या सरूमामींचा हा एकुलता एक मुलगा. मामींचे यजमान रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत होते, ते लवकर गेले. मामींना स्टेशनवर प्रवाशांना पाणी द्यायचं काम मिळालं आणि त्या कामावर त्यांनी नामाला वाढवलं. तो दौंडला शेडमध्ये इंजिनं पुसायला लागला आणि पुढे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला. सकाळच्या पॅसेंजरवर त्याची पाळी असली, की मामी फलाटाच्या नेमक्या त्या जागी उभ्या राहायच्या जिथे इंजिन थांबतं. एका हातात पाण्याची झारी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ते दुष्काळाचं साल होतं. सरकारी दुकानातल्या लाल ज्वारीची भाकरी थापता थापता मोडायची, तरी मामींनी नामासाठी कुठून तरी पांढरी ज्वारी पैदा केलेली असायची. नामा भाकरी घ्यायचा आणि बदल्यात इंजिनातलं गरम पाणी मामींच्या बादलीत सोडायचा. विहिरी आटल्या होत्या, आमची नदी म्हणजे नुसती वाळू होती, आणि क्वार्टरमधल्या बायका पदर खोचून त्या वाफाळत्या पाण्यासाठी रांग लावायच्या. नामा हसत ओरडायचा, "मावशी, जपून. पोळंल! च्या टाका डायरेक!"

गाडी थांबायची त्याच दोन मिनिटांत दादा गाठी मारलेला सुतळीचा तुकडा घेऊन धावायचा आणि नामा वरून माप सांगायचा. पण गाडी निघाली की दादा नाराज. एकदा तो नामाला म्हणाला, "थांबलेल्या इंजिनाचे लई फोटो झाले. पळत्या इंजिनाचा पाहिजे, वाफ सोडतानाचा. आणि तुझा अर्धा देह बाहेर दिसला पाहिजे."

"माजं काय काम फोटूत?"

"शेजारी माणूस असला की इंजिन केवढं ते कळतं. माणसाशिवाय माप लागत नाही."

नामाला ते फार आवडलं. फलाटभर सांगत सुटला, "आमी माप हाय इंजिनाचं!" ठरलं ते असं. रविवारी सकाळी स्टेशन सोडल्यावर, नदीच्या पुलाच्या अलीकडे, भरावाच्या खाली दादा उभा राहील. इंजिन जवळ आलं की नामाने दांडीला धरून बाहेर यायचं, फोटो झाला की आत जायचं. पूल लोखंडी कैच्यांचा होता, रुळाच्या दोन्ही बाजूंना उभे खांब, गाडीला अगदी लागून. नामाला हे आमच्याहून जास्त ठाऊक होतं. दादाने तरी बजावलं होतं, मी स्वतः ऐकलंय.

मी तेव्हा नववीत होते. त्या रविवारी मी हट्टाने दादाबरोबर गेले. नव्या रिबिनी बांधल्या होत्या, आणि मनात असं होतं की इंजिनाबरोबर चुकून माझाही फोटो येईल. भरावाच्या पूर्वेला बाभळीची झुडपं होती. उन्हाला पाठ करून आम्ही उभे राहिलो. स्टेशनात गाडी आल्याचा आवाज आला, मग ती थांबली, मग शिट्टी. मला आज सगळ्यात जास्त आठवते ती गाडी थांबलेली असतानाची शांतता. एक होला कुठे तरी घुमत होता. मामी त्या वेळी भाकरी देत असणार, हे मला तेव्हाच सुचलं होतं, की नंतर मी ते त्या आठवणीला जोडलं, आता सांगता येत नाही.

गाडी आली. धूर सरळ वर चढत होता. नामा बाहेर आला, एका हाताने दांडी धरून, डोक्याला तांबडा रुमाल, सगळे दात दिसत होते. दादाने बटण दाबलं. 'टक्' झालेलं मी ऐकलं. फोटो झाला होता. इंजिन आमच्यासमोरून पुढे गेलं आणि नामा आत वळायला लागला. त्याचा खांदा आत गेलेला मी पाहिला. आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक. त्याने दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, असं काही तरी. मी हात उंच करून जिवाच्या आकांताने हाक मारली, "नामाभाऊ!"

त्याने ऐकलं. तो पुन्हा बाहेर आला, मागे वळून माझ्याकडे बघून हसला आणि हात हलवला. त्याची पाठ पुलाकडे होती.

पुढचं मी लिहिणार नाही. इंजिनाची शिट्टी वाजायला लागली आणि वाजतच राहिली. डबे एकमेकांवर आदळत गाडी पुलावर थांबली. स्टेशनाकडून कुणी तरी पळत येत होतं. त्या मामी होत्या, हातात झारी तशीच, पाणी सांडत. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. नुसती गाडी थांबली म्हणून त्या पळत होत्या.

साहेब लोक चौकशीला आले. ड्रायव्हरने सांगितलं, पोरगा मागे वळून बघत होता, का ते ठाऊक नाही. आदल्या वर्षीच लढाई होऊन गेली होती आणि पुलापाशी फोटो काढायला मनाई असल्याची पाटीच होती. अप्पांनी कॅमेरा ट्रंकेत, गोधड्यांच्या तळाशी ठेवला आणि आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "तुमी थितं न्हवता. कळलं? माजी नोकरी हाय ही. तोंड उगडायचं न्हाई." अप्पांना फोटोचं माहीत होतं. हाकेचं कुणालाच नाही. कॅमेऱ्यावर मान घालून रीळ पुढे फिरवण्यात गुंतलेल्या दादाच्या, इंजिनाच्या धडधडीत, ती ध्यानातच आली नव्हती. तो एवढंच धरून बसला, की मी त्याला बाहेर बोलावलं. त्याने जेवण टाकलं. आणि एक दिवस बाजेखालच्या रेल्वेवरचा छत्रीच्या काड्यांचा पूल उपटून काढला. दोन्हीकडचे रूळ तसेच, मध्ये वीतभर मोकळी जागा. तो किल्ली द्यायचा, इंजिन त्या कडेपर्यंत यायचं, मग तो ते हाताने उचलून पलीकडच्या रुळावर ठेवायचा. दिवसातून कितीदा तरी. आई दारात उभी राहून बघायची आणि पदराने तोंड झाकून आत जायची.

महिनाभराने मामी आमच्याकडे आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच बसल्या. दादाला म्हणाल्या, "तू इंजिनाचं फोटू काडतोस न्हवं? यखाद्यात माजा नामा आसंल बग. माज्यापाशी त्याचा येक बी न्हाई. आता डोळं मिटलं की त्वांड नीट येत न्हाई रं फुडं. कपाळ येतं, रुमाल येतो, त्वांड न्हाई येत."

दादा म्हणाला, "न्हाई मामी." आणि आतल्या खोलीत निघून गेला.

मी ट्रंक उघडली. शाळेला मी रोज गाडीने नगरला जायचे. दुसऱ्या दिवशी दप्तरात ते रीळ घेऊन गेले आणि बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत दिलं. फोटो घ्यायला गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "सुरेख आलाय. कोण हा? किती मोकळा हसतोय!" मी पैसे देऊन पाकीट घेतलं.

इंजिन किंचित हललेलं होतं, पण नामा स्वच्छ होता. रुमालाची गाठसुद्धा दिसत होती. आणि फोटोच्या खालच्या कडेला, भरावाच्या खडीवर, दोन लांब सावल्या पडल्या होत्या. एक पोटाशी पेटी धरलेल्या माणसाची. दुसरी दोन वेण्यांची.

मामींनी फोटो हातात घेतला आणि त्या रडल्या नाहीत. त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिल्या. "हे हाय. हे त्वांड. असंच हुतं." मग बऱ्याच वेळाने त्यांचं बोट खाली सरकलं. "ह्या कुनाच्या सावल्या गं?"

मी म्हणाले, "दादाची. आणि माझी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुठला दिवस, काय वेळ, काही विचारलं नाही. फोटोच्या कडेला दिसणाऱ्या पुलाच्या कैचीकडे बघून त्यांना ते कळलंच असणार. नुसतं म्हणाल्या, "कुटं हुबी व्हतीस, ती जागा दाव."

मी दाखवली. त्या दिवसापासून सकाळच्या पॅसेंजरला मामी तिथे जायला लागल्या. फलाटावर त्या वेळी त्यांना उभं राहवत नव्हतंच, मास्तरांनीही तेवढ्या वेळापुरती त्यांना सूट दिली होती. आईने मला बजावलं, "येकली सोडू नगं तिला, नदीचा काठ हाय." दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी बरोबर जायचे. बाभळीपाशी उभ्या राहून मामी गाडीची वाट बघायच्या. इंजिन आलं की उजवा हात पुढे करून पंजा आत, आत, असा हलवायच्या आणि पुटपुटायच्या, "आत व्हय बाबा. आत व्हय लेकरा. आत ऱ्हा." रोजचे ड्रायव्हर, फायरमन त्यांना ओळखायला लागले. ते शिट्टी द्यायचे. मी कानांवर हात ठेवायचे, पण मामींच्या चेहऱ्यावर थोडी विश्रांती दिसायची, म्हणून रोज बरोबर जायचे.

सुट्टी संपत आली होती. एके सकाळी इंजिनावर एक नवा फायरमन होता, नामाच्याच वयाचा. त्याने लांबूनच पाहिलं असावं, की भरावाखाली एक बाई हात हलवतेय. त्याला वाटलं ती निरोप देतेय. त्याने हसून हात वर केला. मामी जोरजोरात पंजा हलवायला लागल्या, आत, आत. तसा तो आणखी बाहेर आला. इंजिन आमच्यासमोरून गेलं आणि तो मागे वळून आमच्याकडे बघतच राहिला. पूल समोर होता.

मी मामींचा हात धरून खाली ओढला. दोघी खडीवर बसल्या-पडल्यासारख्या झालो. मी त्यांच्या अंगावर वाकून त्यांना झाकलं, आम्ही दिसूच नये म्हणून. डोळे गच्च मिटले. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. तो झाला. मग डब्यामागून डबे. गाडी थांबली नाही. ती पलीकडे गेली आणि दूरवर शिट्टी वाजली.

"काय गं? काय झालं तुला?" मामी म्हणाल्या.

मी सांगितलं. "मामी, तो तुम्हाला बघायला बाहेर आला. तुम्ही हात हलवला म्हणून आला. नामाभाऊ पण तसाच... तो आत गेला होता मामी. फोटो झाल्यावर तो आत गेला होता. मी हाक मारली. म्हणून तो मागं वळला. दादाला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही."

मामींनी हात सोडवून घेतला. खडीतला एक दगड उचलला, तो बघत बसल्या. मला वाटलं त्या तो मला मारणार, आणि मला ते चाललं असतं.

"काय म्हनून हाक मारलीस?"

"नामाभाऊ म्हणून."

"मोट्यानं?"

"हो."

"त्याला आयकू गेली?"

"गेली. तो हसला."

वाळूवरून वारा येत होता. मामी म्हणाल्या, "मला वाटायचं, शेवटाला त्याच्या कानात नुसतं इंजिन व्हतं." दगड त्यांनी जिथून उचलला होता तिथे ठेवला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि आम्ही घरी आलो. त्या पुन्हा कधी तिथे गेल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मी दादालाही सांगितलं. मला वाटलं होतं, त्याचं ओझं उतरेल. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुझ्या हाकेआधी मी त्याला बोलावलं होतं, शकू." त्याने आपला वाटा सोडला नाही आणि मी माझा. पुढे तो एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागला, संसार केला, पण कॅमेरा पुन्हा हातात धरला नाही. त्याच्या मुलांचे लहानपणचे फोटो नाहीत. बाजेखालच्या रेल्वेची फळी आईने कधी तरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं.

सरूमामी आणखी काही वर्षं आमच्या शेजारी होत्या. माझ्याशी त्या चांगल्या वागल्या, हे मी शपथेवर सांगते. माझ्या केसांना तेल लावायच्या, हुलग्याचे शेंगोळे केले की माझी वाटी आधी भरायच्या, माझ्या लग्नात त्यांनी रात्रंदिवस राबून काम केलं. पण त्या सकाळनंतर त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. अंगणाच्या पलीकडे मी उभी असले आणि त्यांना काही सांगायचं असलं, तर हातातलं काम ठेवून त्या चालत माझ्यापर्यंत यायच्या, खांद्याला हात लावायच्या, मी वळून त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबायच्या आणि मगच बोलायच्या.